विचारायला माणूस पाहिजे

झालं माझं सिलेक्शन. गेले पंधरा दिवस जे जे लोक विचारत होते काय झालं गं त्या इंटरव्ह्यूचं, त्या सगळ्यांना एकदमच सांगते, झालं, मेल आलाय, मी तो आतापर्यंत वीसेक वेळा तरी वाचलाय आणि त्यात माझंच नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक युवा नेतृत्व आणि मेंटॉरशिपचा प्रोग्राम आहे, दहा महिन्यांचा, वय १८ ते २५, मुंबई-ठाणे-नवी मुंबईतून ३० जणांना घेतात. महिन्यातून एक रविवार दादरला दिवसभर ट्रेनिंग, मधे दोन निवासी शिबिरं, आणि प्रत्येकाला एक मेंटॉर, जी व्यक्ती दर पंधरा दिवसांनी तासभर आपल्याशी बोलणार. शेवटी आपण आपल्या वस्तीत एक काम उभं करून दाखवायचं. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण यादी ते स्वतः जाहीर करेपर्यंत थांबा असं त्यांनी सांगितलंय. माझं वय २४, म्हणजे मला ही जवळजवळ शेवटचीच संधी होती.

मेल आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मी परळला केईएम हॉस्पिटलच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, आणि राहते पलीकडे प्रभादेवीच्या बाजूला चाळीत. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला तेव्हापासून आम्ही सगळेच पायी जाणारे स्टेशनच्या पुलावरून जातो, आणि त्या वेळेला तिथे अशी गर्दी असते की मोबाईल हातात धरला तर मागचा माणूस ओरडतोच. मी जिन्यात होते, फोन व्हायब्रेट झाला, बघितलं तर वरच्या ओळीत "अभिनंदन" एवढंच दिसत होतं. मी थांबले. मागून एक काका म्हणाले ओ ताई, पुढे चला की. मी कठड्याला चिकटून उभी राहिले आणि पूर्ण मेल वाचला, दोनदा वाचला, मग खाली उतरून पुन्हा एकदा वाचला. मग घरी फोन करायच्या ऐवजी मी आधी आमच्या रात्रशाळेच्या गणिताच्या सरांना फोन केला. सर क्लासवर होते, मागून पोरांचा आवाज येत होता, म्हणाले बोल लवकर. मी म्हटलं सर, झालं. सर एक मिनिट काहीच बोलले नाहीत आणि मग वर्गाला म्हणाले, अरे जरा गप्प बसा रे. एवढंच. पण त्यांचा आवाज मी नऊ वर्षं ओळखते.

आता रात्रशाळा म्हणजे काय ते सांगावंच लागेल, कारण मुंबईत राहणाऱ्या कित्येक लोकांना अजून वाटतं की ते सगळं गिरण्यांच्या काळातलं होतं आणि गिरण्यांबरोबर संपलं. नाही संपलेलं. दिवसा जी शाळा लहान मुलांची असते तीच इमारत संध्याकाळी साडेसहाला आमची होते. बेंच छोटे, गुडघे वर येतात. फळ्यावर सकाळच्या बाईंनी काढलेलं सशाचं चित्र असतं, ते अर्धं पुसून सर त्याच्यावर समीकरणं लिहितात. वर्गात हॉटेलमध्ये काम करणारी पोरं, घरकाम करणाऱ्या मुली, कुरियरवाले, एक ताई होत्या ४२ वर्षांच्या ज्यांची मुलगी त्याच वर्षी दिवसाच्या शाळेतून दहावीला होती आणि दोघी एकच गाईड वापरायच्या, मुलगी दुपारी आणि आई रात्री. सगळे दिवसभर राबून आलेले. पहिल्या तासाला निम्म्यांचे डोळे मिटत असतात आणि त्यांना कोणी ओरडत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मला फक्त भूक लागलेली आठवतेय, पण ते साल डोक्यात राहिलं.

मी सातवीनंतर शाळा सोडली होती. बाबा आजारी पडले, मग गेले, आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला लागली, मी घरात आजीकडे बघायला. दोन वर्षांनी शेजारच्या ताईने रात्रशाळेत नेऊन नाव घातलं, २०१६ ची गोष्ट. २०१९ ला दहावी झाले, ६८ टक्के. ते वर्ष ज्यांना आठवतं त्यांना माहितेय, राज्याचा निकाल एकदम खाली येऊन ७७.१० टक्के लागला होता कारण भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क त्या वर्षी काढून टाकले होते. त्यात ६८ म्हणजे आमच्या चाळीत पेढे वाटले गेले.

आणि मग मी अकरावीचा फॉर्म चुकवला.

हे मी आजपर्यंत कुठेच लिहिलेलं नाही. इंटरव्ह्यूमध्ये पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि माझं सिलेक्शन मला वाटतं त्याच्यावरच झालं, म्हणून नीट लिहिते. मुंबईत अकरावीला ऑनलाईन प्रवेश असतो. भाग १ मध्ये आपली माहिती, भाग २ मध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त १०. त्यात एक नियम होता की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे ॲडमिशन घ्यायचीच, नाही घेतली तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांमधून तुम्ही बाहेर. हा नियम पुस्तिकेत छापलेला होता, वेबसाईटवरही होता, लपवलेला कोणी नव्हता. पण पुस्तिका वाचून समजणं वेगळं आणि कोणीतरी समोर बसून "हे बघ, हा क्रमांक १ म्हणजे चेष्टा नाही" असं सांगणं वेगळं. मला जायचं होतं घराजवळच्या रात्रीच्या ज्युनियर कॉलेजला, कारण दिवसा काम होतं. सायबरवाला म्हणाला अगं मोठं नाव वर टाक, लागलं तर लागलं, नाही तर खालचं आहेच. मी टाकलं, पार पश्चिम उपनगरातलं, सकाळचं कॉलेज. ते लागलं. मला वाटलं असू दे, दुसऱ्या फेरीत जवळचं मिळेल. दुसऱ्या फेरीच्या यादीत माझं नावच नाही. पुढे विशेष फेरी वगैरे असते म्हणाले, पण तोपर्यंत मी दुकानात लागले होते आणि आई म्हणाली राहू दे आता, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष म्हणजे २०२०. त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

तर ६८ टक्के मिळवून मी तीन वर्षं घरी. बारावी मी २०२२ ला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, आणि त्या १७ नंबरच्या फॉर्मबद्दलसुद्धा मला दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईकाकडून कळलं, जे आपल्या भाचीचा फॉर्म झेरॉक्स करायला आले होते. मी मशीनवर कागद ठेवता ठेवता वाचला. तो कागद त्या दिवशी त्या काकांनी आणला नसता तर? खरंच सांगते, हा विचार मला रात्री झोपू देत नाही कधी कधी. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय, तिसरं वर्ष.

मी दिवसभर काय काम करते माहितेय? लोकांचे फॉर्म भरते. दुकानावर बोर्डच आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, सरकारच्या महाडीबीटी वेबसाईटवरची स्कॉलरशिप, आधारचा पत्ता. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी तर बायकांची रांग फुटपाथवर जायची, आणि मी त्या वेळेला जेवणाचा डबा रात्री घरी जाऊन उघडायचे. फॉर्म भरताना मला रोज दिसतं की माणसाला अडतं ते बुद्धीने नाही. बाई येते, सगळे कागद पिशवीत व्यवस्थित, दाखला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पण शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर एक, आणि आधी कोणी सांगितलंच नाही की दोन्ही सारखं पाहिजे. मग आज शेवटची तारीख. मी तरी काय करणार. ती बाई माझ्याकडे अशी बघते जसं काय मीच सरकार आहे.

तर प्रोग्रामच्या अर्जाकडे येते. ती लिंक मला एका मैत्रिणीने पाठवली, भांडुपची आहे, शिबिरात ओळख झालेली. तीन प्रश्न होते, प्रत्येकी ३०० शब्द, मराठी हिंदी इंग्रजी कुठल्याही भाषेत लिहा म्हटलं होतं आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण तसं लिहिलं नसतं तर मी लिंक बंद केली असती. पहिला प्रश्न, कॉलेजमधल्या किंवा संस्थेतल्या नेतृत्वाचा एखादा अनुभव लिहा. मी तीन दिवस तो प्रश्न उघडायचे आणि बंद करायचे. कारण माझं कॉलेजच नाही ना. नियमित कॉलेजच्या मुलांना एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना असते, १९६९ पासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तास काम, गावात शिबिर, सर्टिफिकेट, बॅज. मला त्या मुलांचा राग नाही, त्यातली कितीतरी मनापासून करतात. पण जे मूल दिवसा काम करतं आणि रात्री शिकतं त्याला कोण शिबिराला नेणार, आणि त्याचा रविवार त्याला झोपायला तरी पुरतो का? नेतृत्व म्हटलं की आपल्याकडे दोनच जागा डोळ्यासमोर येतात, एक कॉलेजचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, आणि दुसरा चौकातला बॅनर.

मैत्रिणीला फोन केला की मी नाही भरत. ती म्हणाली अगं, तू रविवारी काय करतेस? म्हटलं काही नाही, त्या रात्रशाळेच्या मुलींना गणित घेते. ती म्हणाली मग तेच लिही, किती मुली? मी मोजलं. २०२२ पासून आत्तापर्यंत १९. त्यातल्या १४ दहावी पास झाल्या, तिघी यंदा बसतायत, दोघी मधेच लग्न होऊन गेल्या. मी वहीच्या मागच्या पानावर त्यांची नावं लिहिली होती हजेरीसाठी, कोण आली कोण नाही, कोणाचा फोन लागत नाही म्हणून तिच्या मालकिणीचा नंबर, कोणाला दुपारी दोननंतरच सुट्टी मिळते. ती वही मी समोर ठेवली आणि त्या तीनशे शब्दांत तीच उतरवली. दुसरं काही सुचतच नव्हतं. टाईप करायला वेळ नव्हता म्हणून बोलून टाईप केलं, दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं खाली ओढून, आणि मग जोडाक्षरं सुधारत बसले.

शिफारसपत्र सरांनी दिलं. हाताने लिहिलेलं, दोन पानं, शाळेच्या लेटरहेडवर. मी म्हटलं सर टाईप करून देते, तर म्हणाले असू दे, माझं अक्षर त्यांना वाचता आलं पाहिजे. मी ते स्कॅन करताना वाचलं नाही. वाचू नको असं कोणी म्हटलं नव्हतं पण मला वाटलं हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

इंटरव्ह्यू दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाहेर बाकावर आम्ही सात जण. एक गोवंडीचा मुलगा, जो त्यांच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ येतं त्याची वर्षभराची नोंद घेऊन आला होता, शाळेच्या आलेखाच्या कागदावर काढून. एक वर्सोव्याची कोळ्यांची मुलगी. दोघं तिघं मोठ्या कॉलेजची, फाडफाड इंग्रजी. मला धडधडत होतं, खोटं का सांगू. मी पाण्याची बाटली उघडत होते आणि बंद करत होते.

आत तीन जण होते. पहिला प्रश्न ठीक, दुसरा ठीक, मग एक सर म्हणाले, तुमच्या हातून निसटलेली एखादी गोष्ट सांगा. मी तयारी करून गेले होते, काहीतरी छान उत्तर होतं, वेळेच्या नियोजनावर. पण तोंडातून निघाला अकरावीचा फॉर्म. सगळं सांगितलं, सायबरवाला, पहिली पसंती, यादीत नसलेलं नाव. सांगताना माझा आवाज कापला आणि मला वाटलं गेलं हे. सर हळूच म्हणाले ओके. आणि मग कडेला बसलेल्या मॅडम, साध्या कॉटनच्या साडीतल्या, ज्या तोपर्यंत काहीच बोलल्या नव्हत्या, त्यांनी विचारलं, "तेव्हा घरात मोबाईल कोणाकडे होता?"

मी थांबले. कारण सहा वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं तू नियम वाचला का नाहीस, तू परत चौकशी का केली नाहीस, एवढे मार्क मिळवून असं कसं केलंस. मोबाईल दादाकडे होता. तो डिलिव्हरीचं काम करतो, सकाळी निघायचा आणि रात्री बाराला यायचा, कॉलेज लागल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आला दुपारी, आणि त्याने मला दाखवला दुसऱ्या दिवशी रात्री, कारण मी झोपले होते तेव्हा त्याने उठवलं नाही, दमलीय म्हणून. ॲडमिशन पक्की करायला जे तीनचार दिवस होते त्यातला दीड दिवस असा गेला. मी हे सांगितलं आणि मला जाणवलं की मी हे दादालासुद्धा कधी बोलले नाही, आणि त्याला आजही माहीत नाही की त्या दीड दिवसात काय होतं. दादा, तू हे वाचत असशील तर तुझं काही चुकलं नाही. तू मला झोपू दिलंस.

मॅडम म्हणाल्या, हं. आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, तुमच्याकडच्या मुलींपैकी किती जणींकडे स्वतःचा नंबर आहे? मी म्हटलं पाच. त्या म्हणाल्या बाकीच्यांचे मेसेज कुठे जातात? आणि आम्ही पुढची दहा मिनिटं फक्त त्याच्यावर बोललो, मालकिणीचा फोन, नवऱ्याचा फोन, रिचार्ज संपलेला फोन. मला विसरायलाच झालं की हा इंटरव्ह्यू चाललाय.

बाहेर पडल्यावर मी शिवाजी पार्कपर्यंत चालत गेले, उगाच, आणि कट्ट्यावर बसले. मला तेव्हा कळलं की मेंटॉर म्हणजे काय. मराठीत आपण त्याला मार्गदर्शक म्हणतो पण तो शब्द मला कधी जवळचा वाटला नाही, मार्गदर्शक म्हटलं की दहावीचं गाईड नाहीतर स्टेजवर शाल घेऊन बसलेले पाहुणे आठवतात. मला जे पाहिजे होतं ते साधं आहे. विचारायला माणूस. ज्या घरात आई किंवा बाबा किंवा मामा किंवा आत्या कोणीतरी कॉलेज केलेलं असतं, त्या घरात हा माणूस फुकट असतो, जेवताना ताटावर बसूनच मिळतो. अगं बँकेत जा तर हा कागद ने. अगं त्या कोर्सला पुढे काही नाही. आमच्या घरात प्रेम भरपूर होतं, आईने कधी शिक नको असं म्हटलं नाही, स्वतःचे हात भाजून घेऊन माझ्या पुस्तकांचे पैसे दिले. पण विचारायला माणूस नव्हता. आणि माणूस नसला की आपण सायबरवाल्याला विचारतो.

(सायबरवाल्याचाही राग नाही. तो त्याच्या परीने चांगलंच सांगत होता. आज मी त्याच्या जागी बसलेय म्हणून मला कळतं की वीस माणसं रांगेत असताना एकाला नीट समजावायला वेळ कुठून आणायचा.)

घरी सांगितलं तेव्हा आई पीठ मळत होती. ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा पीठच मळते. मी म्हटलं आई, निवड झाली, लीडरशिपचं ट्रेनिंग आहे. ती म्हणाली, "म्हणजे पुढारी होणार काय गो तू?" आणि तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, कारण आमच्या नाक्यावर जे युवा नेतृत्व बॅनरवर हात जोडून उभं असतं ते तिने पाहिलेलं आहे आणि रात्रीच्या वेळी त्यांच्या मारामाऱ्याही पाहिलेल्या आहेत. तिला समजावलं, अगं तसं नाही, मी जे रविवारी मुलींना शिकवते ना तेच अजून नीट करायला शिकवणार. तेव्हा तिने विचारलं पैसे किती घेणार ते? मी म्हटलं काही नाही, उलट प्रवासाचे देणार. तिने हात धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि मग आजीच्या कानाजवळ जाऊन मोठ्याने ओरडून सांगितलं. आजीला इतकंच कळलं की मी पास झाले. तिने विचारलं कितवी? मी म्हटलं आजी, सगळ्याच.

मालकांना सांगताना भीती होती. पण सगळं ट्रेनिंग रविवारी आहे म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त शिबिरांच्या तारखा आधी सांग म्हणाले. रविवार नसता तर माझ्यासारखी कोणीच तिथे पोचली नसती. आणि ह्या रविवारच्या सुट्टीबद्दल एक सांगायचंय कारण हे आमच्याच भागातलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. माझे आजोबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले आणि परत कधी आत गेले नाहीत. ते रविवारी काय करायचे हे मी आजीला विचारलं तर ती म्हणाली दाढी करायचे आणि चाळीतल्या लोकांना पेपर वाचून दाखवायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते येऊन बसायचे. हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं! चोवीस वर्षं त्याच घरात राहून.

प्रोग्राममध्ये जे काम उभं करायचं त्यासाठी माझं ठरलंय. रात्रशाळेत रविवारी एक टेबल लावायचं. गणिताचा वर्ग चालू राहीलच, पण त्याच्या बाजूला एक टेबल, जिथे मुलांनी फॉर्म भरायच्या आधी यायचं. भरायच्या दिवशी नाही, आधी. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का ते बघायचं, कुठला दाखला काढायला किती दिवस लागतात ते कॅलेंडरवर लिहायचं, आणि ज्यांचा नंबर स्वतःचा नाही त्यांचे मेसेज कोण बघणार ते ठरवायचं. अकरावीच्या वेळी पहिल्या पसंतीवर प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं, नुसतं एवढं जरी झालं तरी मला पुष्कळ आहे. गेल्या वर्षी दहावी झालेल्या दोन मुली टेबलावर बसायला तयार आहेत. सरांनी वर्गाची किल्ली द्यायचं कबूल केलंय, फक्त सशाचं चित्र पुसू नका म्हणाले, सोमवारी बाईंना लागतं.

मेंटॉर म्हणून मला त्याच मॅडम मिळाल्या. परवा पहिला फोन झाला. मला वाटलं त्या विचारतील ध्येय काय, पाच वर्षांनी कुठे दिसतेस वगैरे, तसं काही नाही. त्या म्हणाल्या आज तू विचार, मी सांगते, येत नसेल तर शोधून सांगते. मी आधीच दुकानातल्या रद्दी कागदाच्या मागे प्रश्न लिहून ठेवले होते, अकरा होते. पहिला लिहिताना मला लाज वाटली होती पण तोच आधी विचारला. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए. वर एम.एस.डब्ल्यू. ला, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन मिळते का, का नियमित कॉलेजचीच डिग्री लागते? हा प्रश्न माझ्या डोक्यात दोन वर्षं होता, आणि दोन वर्षं मी मनाशी धरून चालले होते की नसेलच मिळत.

मॅडम म्हणाल्या, "मिळते. मान्यता आहे त्या डिग्रीला. प्रवेश परीक्षेचा फॉर्म कधी निघतो त्यावर आत्तापासून नजर ठेवायची, मी पण ठेवते. पुढचा विचार."

मी पेनाने पहिल्यावर रेघ मारली आणि दुसरा वाचला.